रुग्णास स्वतंत्र ठेवावे

नाना,

तुमच्या पुस्तकांच्या पेटीत आज ते पत्रक सापडलं. पिवळं पडलंय, पण घडी अगदी काटेकोर, तुमची. उलगडून वाचायची गरजच नव्हती, मला ते पाठ आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणून तुम्ही ते जपून ठेवलं असणार. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तो कागद बघून माझं डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसले आहे.

मी तेव्हा घाटकोपरच्या दवाखान्यात नर्स होते. स्टेशनजवळच्या मालधक्क्याच्या भिंतीला लागून पंधरा-वीस कुटुंबं उघड्यावर राहायची, दुष्काळापायी देशावरून आलेली. त्यांच्यात क्षय शिरला होता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, यांना समजेल असं चार ओळींत लिहा, आपण छापून घेऊ." मी लिहिलं, खोकणाऱ्याला पोरांपासून चार हात लांब झोपवा, त्याचं भांडं वेगळं ठेवा, सुई चुकवू नका. मुलुंडला घरी आले आणि मोठ्या हौसेनं तुम्हाला दाखवलं. शाळेत तुम्ही मराठी शिकवायचात, लिहिण्याची हौस मला तुमच्यामुळेच लागलेली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, आई पोळ्या लाटत होती. तुमची लाल पेन्सिल अशी फिरली की त्या कागदावर माझं काही उरलंच नाही. "चार हात लांब झोपवा? हे आरोग्याचं पत्रक आहे की नळावरचं भांडण?" असं विचारलंत, आणि वळणदार अक्षरात लिहिलंत, 'रुग्णास स्वतंत्र ठेवावे.' आई म्हणाली, "अहो, तिला माहीत आहे ना तिथली माणसं कशी आहेत ते." तुम्ही तिच्याकडे पाहिलंतही नाही. आणि मी, बावीस वर्षांची, कमावती, तोच कागद डॉक्टरांना नेऊन दिला.

रुग्णास स्वतंत्र ठेवावे. कुठे हो नाना? ज्यांना पाठ टेकायला सगळ्यांत मिळून एक भिंत, त्यांनी माणूस स्वतंत्र ठेवायचा कुठे, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. वाक्य व्याकरणात बसलं, तुमचं काम झालं.

पत्रक छापून आलं. तिथे वाचता येणारं कोणी नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी भिंतीपाशी उभी राहून मीच ते वाचून दाखवलं. एक बाई दोन लेकरं घेऊन पुढे बसली होती. मागे गोणपाटावर तिचा नवरा खोकत होता. दोन महिने तो नेमानं सुईला येत होता, अंगात थोडा जीव धरू लागला होता. वाचून झाल्यावर तिने कागद मागून घेतला, कपाळाला लावला आणि कमरेला खोचला.

त्यानंतर आठ दिवस तो सुईला फिरकला नाही. मी बघायला गेले, तर ती राखेनं भांडी घासत होती. नवरा कुठे आहे विचारलं. "त्येला सोतंत्र केला न्हवं," ती म्हणाली. "तुमच्या कागदात हाय तसं. मिठागराकडं लावून दिला. लई रडला बाई. म्हनला, मला का हाकलतीस? म्या म्हनलं, दवाखान्यानं सांगितलंय, पोरं जगाय पायजेत." तिची तक्रार नव्हती. सांगितलेलं केलं, हे ती मला सांगत होती. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला मिठागराच्या बांधावर सापडला. जीव जाऊन दोन दिवस तरी झाले असतील, असं डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी सगळं तुमच्यासमोर ओतलं. तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. "यात शब्दाचा काय दोष?" म्हणालात. मग चष्मा परत लावून, "तू काय समजावलंस त्यांना?" मी म्हणाले, "छापलं होतं तेच वाचलं." त्यानंतर तुम्ही कुणाला साधी लग्नपत्रिकासुद्धा लिहून दिली नाहीत. मला बरं वाटलं. शेवटच्या आजारात तुम्हाला आतली खोली दिली होती, मी औषध ठेवून निघून जायची. एकदा तुम्ही म्हणालात, "बस ना जरा." मी म्हणाले, "रुग्णास स्वतंत्र ठेवावे, नाना." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

एवढं लिहून झाल्यावर पत्रक पेटीत परत ठेवताना उलगडलं. 'स्वतंत्र ठेवावे' या शब्दांवर लाल पेन्सिलीची रेघ आहे, आणि वर तुमच्याच अक्षरात, 'चार हात लांब झोपवा.' केव्हा केलंत हे? मला का दाखवलं नाहीत?

आता ही पानंही याच पेटीत राहतील, दुसरं कुठे पाठवणार. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले होते. त्या संध्याकाळी कागद खोचण्याआधी ती बाई म्हणाली होती, "सोतंत्र म्हंजी काय वं बाई?" माझे पाय दुखत होते, सहाची गाडी चुकत होती. चालता चालता मी म्हणाले, "म्हणजे मोकळं करायचं. देश नाही का झाला, तसं."