ही सही त्याचीच

रिजवानभाई,

चोरीच्या चौकशीला म्हणून पोलिसांनी तुला दुकानातून नेलं, त्याला चार महिने झाले. विचारायला गेले तर म्हणाले, "त्याच संध्याकाळी सोडलाय." वकीलसाहेब म्हणाले, "माणूस हजर करा म्हणायचा अधिकार सांगलीच्या कोर्टाला नाही. हायकोर्टात जाऊ." अर्ज मीच केला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तुला नेणारा तो फौजदार शिराळ्याला घरी आला. आपल्या धाकट्या फरदीनकडे बघत म्हणाला, "आता एवढाच राहिलाय न्हवं? जपा त्याला."

कोर्टात पोलिसांनी सुटकेची नोंदवही पुढं केली. न्यायाधीशांनी विचारलं, "ही सही तुमच्या भावाची आहे का?" तू कायम उर्दूत सही करायचास. ती मराठीत होती. फौजदार मागंच उभा होता. मी म्हटलं, "हो, त्याचीच." अर्ज निकाली निघाला.

अम्मी रोज विचारते, कोर्ट काय म्हणालं. मी म्हणते, तारीख पडली.

वकीलसाहेब म्हणतात, सुप्रीम कोर्टात अपील करता येईल. पण मग मला खरं सांगावं लागेल. काल मी अपिलाचे कागद घेऊन बसले होते. दारात फरदीनची गाडी थांबली आणि मी पेन खाली ठेवलं.

माफी मागायलाही न धजणारी,
नूरीन