आमच्या केळीच्या प्रकृतीविषयी

प्रिय विनीआत्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला जरा जास्त) मनापासून नमस्कार. तिकडे टॉर्कीत समुद्राकाठी तू मजेत असशील. आमच्या हॅलिफॅक्सला जून लागला तरी पायातले लोकरी मोजे निघालेले नाहीत. पण ते असो, तुला आमच्या केळीची हकिगत कळवायची आहे.

गेल्या वर्षी मी परसात जपानी केळ लावली. ही जात थंडीला दाद देत नाही, असं विकणारा म्हणाला (कुठल्या गावच्या थंडीला, हे विचारायचं राहिलं). उन्हाळ्यात ती अशी काही वाढली, की मी रोज चहाचा कप घेऊन नव्या पानाची सुरळी कुठवर उलगडली ते बघत उभा राहायचो. ग्लेनिस म्हणायची, "लग्नात माझ्याकडे तरी एवढं बघितलं होतंस का?" ऑक्टोबरात मी पानं छाटली, बुंध्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उभी करून आत पेंढा ठासला, वरून माझा जुना रेनकोट चढवला आणि डोक्यावर बादली पालथी घातली. संध्याकाळी शेजारच्या मिस ऑग्डनचा (नजर अधू, मन चांगलं) ग्लेनिसला फोन. "हे बघ बाई, भांडणं सगळ्यांच्याच घरात होतात. पण आता घे त्याला आत. सकाळपासून पावसात उभा आहे बिचारा." मी तेव्हा ग्लेनिसच्या शेजारी बसून पुडिंग खात होतो.

पुढे जानेवारीत थंडीने कहर केला. मार्चमध्ये पेंढ्यात हात घातला, तर बुंधा चहात बुडवलेल्या पावासारखा हातात आला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फावडं घेऊन उपटायलाच निघालो होतो, पण ग्लेनिस आडवी आली. "कंद जिवंत असेल. थांब जरा." मे उजाडला तरी काही हलेना, तेव्हा तिनेच मला थोरल्या भावाकडे धाडलं. म्हणाली, हवापालट होईल. परत आलो, तर मातीतून हिरवागार पोंगा वर आलेला.

आता यातलं नवल बघ. पोंगा जुन्या जागेपासून वीतभर डावीकडे आहे. म्हणजे कंद उबेच्या शोधात जमिनीखालून सरकत असणार. शिवाय पानांना तांबूस कडा आहे, ती पूर्वी नव्हती. थंडी अंगात मुरल्याचंच हे लक्षण. आमच्या बागप्रेमी मंडळात मी यावर भाषण देतो आहे. सेक्रेटरींनी तारीखही दिली.

गुडघ्यांना जप.

तुझा भाचा,
मर्विन

ता.क. तुझा तो फरचा कोट तू ग्लेनिसला द्यायचं कबूल केलं आहेस. तो यंदाच्या थंडीत केळीसाठी मिळेल का? हे ग्लेनिसला कळू देऊ नकोस.

ता.क. पत्र पेटीत टाकायला ग्लेनिसकडेच देतो आहे, मला सर्दी झाली आहे.

आत्याबाई, मी ग्लेनिस. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. जुनी केळ केव्हाच मेली. मर्विन भावाकडे होता तेव्हा दोन गावं पालथी घालून मी नवी आणून लावली, आणि अंदाजाने लावताना जागा थोडी चुकली. त्याला सांगू नका. भाषणाला मी जाणार नाही, मला हसू आवरणार नाही. कोट मात्र त्याच्याच नावाने पाठवा, घालू दे केळीला. या खेपेला तांबूस कडेची मिळाली, पुढच्या खेपेला कसली मिळेल कोण जाणे, आणि तो त्यावरही भाषण देईल.