एक्केचाळीस सक्तीचे प्रश्न

३ जून, सोमवार
हेडक्लार्क महिनाअखेरीला रिटायर होतायत. त्या खुर्चीच्या लायकीचा माणूस या ऑफिसात एकच आहे. नाव लिहीत नाही, डायरी माझीच आहे. साहेबांना सांगून टाकलं, यंदा संध्याकाळच्या वर्गांचे प्रवेशअर्ज कागदावर घ्यायचे नाहीत. ऑनलाइन फॉर्म. लोक घरबसल्या दाखले अपलोड करतील, मी खुर्चीबसल्या तपासेन. साहेब म्हणाले, वीस तारखेपर्यंत पुरेसे अर्ज आले नाहीत तर वर्ग सुरू होणार नाहीत. येतील. न येऊन सांगतात कुणाला.

५ जून, बुधवार
फॉर्म तयार. एक्केचाळीस प्रश्न, सगळे सक्तीचे. खिडकीवाल्या बाईंनी विचारलं, शिवणकाम शिकायला येणाऱ्या बाईच्या आजोबांचा व्यवसाय आपल्याला कशाला हवा. खिडकीवाल्या बाई म्हणजे खिडकी नंबर दोनवर बावीस वर्षं बसून शिक्के मारणारी व्यक्ती. डेटा कशाशी खातात ते त्यांना काय ठाऊक.

घरी मुलीने विचारलं, बाबा, दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघितलंत का? मी चाळीस वेळा बघितलंय. माझ्याच खुर्चीवरून, ऑफिसच्या लॉगिनने. दर वेळी दिमाखात उघडतो. हल्लीच्या पोरांना वडीलधाऱ्यांवर विश्वास म्हणून नाही.

६ जून, गुरुवार, सकाळी १०
लिंक जाहीर. गेटवर, वेबसाइटवर, नोटीस बोर्डावर. खिडकी दोनवर मी स्वतःच्या हाताने पाटी लावली: येथे कागद स्वीकारले जाणार नाहीत. बाईंनी पाटी वाचली आणि चष्मा पुसला.

दुपारी ४
अर्ज शून्य. लोक दाखले शोधत असतील.

१० जून, सोमवार
अर्ज शून्य. म्हणजे चुकाही शून्य. कागदाच्या जमान्यात पहिल्याच दिवशी तीस अर्ज यायचे आणि तीसच्या तीस चुकीचे.

इनबॉक्समध्ये मात्र चौऱ्याऐंशी मेल. प्रत्येकात एकच मागणी, फॉर्म पाहण्याची परवानगी द्यावी. वाचून ऊर भरून आला. अर्ज करण्याआधी परवानगी मागायची रीत लोकांत अजून शिल्लक आहे तर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी कसलीच परवानगी मागितली नव्हती. चहावालासुद्धा न विचारता दोन चमचे साखर घालतो.

अर्थात लगेच द्यायची नाही. मागितल्या मागितल्या दिली तर देणाऱ्याला कोण विचारतो? वेगळा फोल्डर केला. नाव दिलं ‘विचाराधीन’.

१२ जून, बुधवार
एक वेल्डर आला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. सर्टिफिकेट नसेल तर कारखाना त्याला कायम करणार नाही म्हणे. फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर लिहिलेलं, हा फॉर्म पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. म्हटलं, बरोबर आहे, अजून दिलेली नाही. तो म्हणाला, खाली बटण आहे ते नऊ वेळा दाबलं. म्हणजे नऊ मेल या एकट्याचे. अशा उतावळ्या माणसाच्या हातात आग द्यायची?

पाय आपटत खिडकी दोनकडे गेला. बाईंनी त्याला बसवून पाणी दिलं. अशानेच लोक शेफारतात.

१४ जून, शुक्रवार
अर्ज शून्य, मेल दोनशे तीन. साहेबांनी विचारलं, प्रतिसाद कसा काय. म्हटलं, आजवर असा कधीच नव्हता. यात खोटं काय आहे?

बाईंच्या टेबलाखाली मोठा खोका दिसला, कागदांनी भरलेला. विचारलं तर म्हणाल्या, रद्दी. रद्दीला टाचण्या लावणारी बाई पहिल्यांदा पाहिली.

बायकोला विचारलं, हेडक्लार्कच्या खोलीला कुठल्या रंगाचे पडदे शोभतील. म्हणाली, आधी घरातले काढून धुवायला टाका.

१९ जून, बुधवार
मेल तीनशे बारा. उद्या शेवटचा दिवस, म्हणून मन मोठं करून परवानग्या द्यायला बसलो. कुठून द्यायच्या ते सापडेना. मुलीला फोन लावला. तिने मिनिटभरात निकाल दिला. फॉर्म फक्त ऑफिसच्या लॉगिनने उघडतो, बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. आणि ते मेल लोकांनी लिहिलेलेच नाहीत, बटण दाबलं की आपोआप जातात.

तिला म्हटलं, हे मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. हसली असती तरी चाललं असतं.

बाहेरच्यांना फॉर्म खुला करायचा तर मुख्य लॉगिन लागतं, ते साहेबांकडे. त्यांना जाऊन सांगणार काय? दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. पण एक आहे, इतका सुरक्षित फॉर्म दुसऱ्या कुठल्या ऑफिसात नसेल.

२० जून, गुरुवार, संध्याकाळी ६
साहेबांनी सगळ्यांदेखत आकडा विचारला. मी फायली चाळू लागलो. तेवढ्यात बाईंनी तो खोका टेबलावर ठेवला. दोनशे सत्त्याऐंशी अर्ज, दाखल्यांसकट, वर्गवार लावलेले. माणसं रडकुंडीला येऊन परत जात होती, मला बघवेना, म्हणाल्या. साहेबांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळे वर्ग सुरू होणार. वेल्डरचं नाव यादीत पहिलं.

मीच पाटी काढून ठेवली.

१ जुलै, सोमवार
खिडकीवाल्या बाई हेडक्लार्क झाल्या. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मनाचा मोठेपणा लागतो.

अकरा वाजता बोलावणं आलं. साहेबांना सगळे अर्ज ऑनलाइनही हवेत. बाई शांतपणे म्हणाल्या, “फॉर्म तुमच्याकडे छान उघडतो ना? मग तुम्हीच भरा.” दोनशे सत्त्याऐंशी अर्ज, प्रत्येकी एक्केचाळीस प्रश्न. आजोबांचा व्यवसाय कागदावर कुणीही लिहिलेला नाही आणि जागा रिकामी सोडली की फॉर्म लाल होऊन अडून बसतो. एकेकाला फोन करून आजोबा विचारतोय. निम्मे लोक आवाज ओळखून फोन ठेवतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंकडे गेलो. प्रश्न कमी करायची परवानगी मागितली. मान वर न करता म्हणाल्या, “लेखी द्या.”

दिलं. संध्याकाळपर्यंत चार अर्ज भरून झाले. उत्तर आलेलं नाही.