माशाचा घास

११ ऑगस्ट, सोमवार

पाप काय दुसऱ्याच्या घरात ठिवायला द्यायची वस्तू हाय? आज वहिनींना तोंडावर इचारणार हुते. इचारलं न्हाय. चुकलंच माजं!

मासा त्यांचा. त्यांच्या पोरानं, अनेकांतनं आणलेला. ऑस्कर म्हणत्यात त्या जातीला. आणला तवा बोटाएवढा, आता हातभर झालाय. अनेकांत नोकरीला पुण्याला गेला आन मासा ऱ्हायला इथं राजारामपुरीत. त्यो गोळ्या खाईना. दुकानवाला म्हणला, बर्फातली कोळंबी घाला. जैनाच्या घरात कोळंबी! जिथं चातुर्मासात कांदा उंबऱ्याच्या आत येत न्हाय, तिथं!

मग अरुणावहिनींनी डोकं चालवलं. "चिमणाबाई, पाकीट तुझ्या फ्रिजमध्ये राहू दे. रोज दोन सोलून डबीत घालून आण. मागच्या दारानं ये. तूच टाक." आन मी टाकते तवा ह्या भिंतीकडं तोंड करून उभ्या! मासा जगवल्याचं पुण्य ह्यांचं, कोळंबीचं पाप माजं. आन वर म्हणणार, "हात साबणानं धू हं, दोनदा." अकरा वर्सं त्या घराची धुणीभांडी करते मी. हात काय कोळंबीनंच बाटलं व्हय?

१२ ऑगस्ट

भिंतीत असं काय बगत्यात काय म्हाईत. रंग बी उडालाय तिथला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आमच्यात आनि येगळंच. माजी सासू, आक्का, फ्रिज उघडून बोंबलली— "श्रावणात घरात झिंगं? तुला लाज हाय का न्हाय?" मी म्हटलं, आपल्यासाठी न्हाय, माशासाठी हाय. "मासा श्रावण पाळत न्हाय व्हय गं?" आता हिला काय सांगू! पाकीट चार पिशव्यांत गुंडाळून पार तळाला सारलं. तरी दुपारी देवाजवळ बसून मोठ्यानं म्हणतीया, "देवा, फ्रिजातलं तू बगू नको."

दोन्ही घरची देवमाणसं. मधी मी एकटी पापी!

वहिनींच्या सासऱ्यांसाठी म्हणून गप बसते. आण्णांसाठी. मागल्या वर्साला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. खुर्ची काचंच्या टाकीम्होरं मांडलेली. सकाळी मी बर्फ सुटलेली कोळंबी कापून तुकडा टाकते. मासा गपकन घेतो. तसं आण्णा तोंड उघडत्यात. मग मी मऊ भात भरवते. माशाचा एक घास, आण्णांचा एक घास. डॉक्टरला जमलं न्हाय ते त्या माशानं केलं. हे त्या घरात कुणी कधी नीट बगितलं न्हाय. बगणार कसं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडं!

२७ ऑगस्ट, बुधवार

आमच्यात गणपती बसला. त्यांचं पर्युषण उद्यापास्नं. वहिनी म्हणल्या, "दहा दिवस कोळंबी बंद. डबी आणायची नाही. मटार उकडून ठेवलेत, ते घाल."

मी म्हटलं, वहिनी, तुमी उपास करा, मासा कशाला?

"तुला काय कळतंय त्यातलं."

व्हय, मला काय कळणार. चवथी पास बाई मी.

२८ ऑगस्ट

मटार घातला. माशानं तोंडात घेतला आन पचकन थुकला. परत घातला, परत थुकला. आण्णा बगत हुते. मी भात म्होरं केला. तोंड उघडलं न्हाय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मासा तळाला जाऊन एका कुशीवर पडलाय. रुसला की असाच पडतो, अनेकांत सांगायचा. पर आण्णांना वाटतंय, त्यो मरायला लागलाय. डाव्या हातानं काचंवर टकटक करत्यात. मासा हलत न्हाय. आण्णांनी आज पाणी तेवढं घेतलं.

वहिनींना सांगितलं. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी— आनंदाचं! "आण्णांनी उपवास धरला! बोलता येत नाही, पण पर्व कळलं त्यांना!"

उपास न्हवं ओ वहिनी! मी वरडलेच. मासा खाईना म्हणून ते खाईनात!

"हळू बोल. तपाला नावं ठेवू नये."

३० ऑगस्ट, शनिवार

बस्तीत, म्हंजे त्यांच्या देवळात, बातमी गेली. बाया यायला लागल्या आण्णांच्या पाया पडायला. ऐंशीच्या वयात, झटका आलेला असून, काय हे तप! नेमिनाथभाऊ, म्हंजे वहिनींचे मालक, दारात हात जोडून उभे. एक बाई मला म्हणती, "तुम्ही भाग्यवान, रोज सेवा घडते." मी म्हटलं, मग उद्या तुमी या की भात भरवायला, बगू तोंड उघडत्यात का!

आण्णांचं हात गार लागत्यात. डोळं टाकीवर. पाया पडणाऱ्यांकडं एकदाबी बगितलं न्हाय. हे कुणालाच दिसंना? एवढी शिकलेली माणसं!

३१ ऑगस्ट, रविवार

केलं. लपवून ठिवत न्हाय, निदान हितं तरी.

सकाळी आक्का गणपतीच्या आरतीत, मी फ्रिजात. दोन कोळंब्या काढल्या. पाण्यात बर्फ सोडवला, सोललं, डबी कंबरंला खोवली. त्यांची सगळी बस्तीत पूजेला गेलती. तुकडा टाकला. मासा पयल्यांदा हललाच न्हाय. मग डोळा फिरवला त्यानं आन उसळलाच की वर, माज्या साडीवर पाणी! आण्णा हसले. अर्ध्या तोंडानं, पर हसले. मी भात कालवला. एक घास. दोन घास. सात घास मोजले मी!

आठव्याला दार उघडलं. वहिनी, भाऊ, आन मागं चार बाया, हातात नारळ. आण्णांच्या मिशीला भात. माज्या हातात कोळंबीची डबी.

नारळवाल्या बाया आल्या तशा परत जिन्यानं खाली गेल्या.

वहिनी म्हणल्या, "पर्वात आमचं घर बाटवलंस. त्यांचं तप मोडलंस. उद्यापासून येऊ नकोस."

मी म्हटलं, तप न्हवतंच ते! भुकेनं मारताय म्हाताऱ्याला आन त्येच्या पाया पडताय!

भाऊंनी दार लावलं.

१ सप्टेंबर

गौरीच्या भाकऱ्या थापताना तीन करपल्या. आक्का म्हणली, कुणावर राग काढतीस गं? मी म्हटलं, तव्यावर.

२ सप्टेंबर, मंगळवार

त्यांच्या खालच्या मजल्यावरची संयोगिता बाजारात भेटली. म्हणली, आण्णांनी परत तोंड मिटलंय, डॉक्टर सलाईन लावायचं म्हणतोय. मी म्हटलं, मला कशाला सांगतीस? मला हाकललंय! म्हाताऱ्याचं काय व्हायचं ते हूंद्यात, त्यांचं तप, त्यांचा सासरा!

घरी आले. फ्रिज उघडला. पाकिटात अजून दहाबारा हायत. फ्रिज लावला. परत उघडला. आक्का बगत हुती. आज तिनं देवाला डोळं झाकायला सांगितलं न्हाय.

३ सप्टेंबर, बुधवार

वहिनी आल्या. स्कुटीवर, पूजेच्या पांढऱ्या साडीत. दारात चप्पल काढली.

"पाकीट दे."

मी पदर खोचला. म्हटलं, थांबा, येते मी.

"नको. मी टाकणार."

पर्व चालू हाय की तुमचं!

"केलेलं पाप आणि दुसऱ्याकडनं करवलेलं, दोन्ही सारखंच. लहानपणापासून पाठ आहे मला." पाकीट धरलं. स्कुटीला किल्ली लावली आन गेल्या.

अर्ध्या तासानं फोन. "चिमणाबाई, डोकं कसं काढायचं ह्याचं?" चांगलं सुनवायचं म्हणून तीन दिवस काय काय जुळवून ठिवलं हुतं मी. एक शब्द आठवला न्हाय. म्हटलं, चिमटीत धरा वहिनी. पिरगळा. हळू. हां. आता पायाकडनं साल सोडवा.

हुंदका आला तिकडनं. मग टाकीतलं पाणी उसळल्याचा आवाज. मग आण्णांच्या वाटीत चमचा वाजला.

फोन त्यांनी बी ठिवला न्हाय, मी बी न्हाय.