गोळी चुकवलेले दिवस

आई, बाबा जिवंत आहेत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, मुंबईला. हृदयातली एक झडप निकामी झाली होती, ती काढून तिच्या जागी कृत्रिम बसवली. ही झडप उघडमीट करताना वाजते. दुपारी पंखा बंद असला आणि शेजारी बसलं की टिक टिक टिक ऐकू येतं. पहिले काही आठवडे त्या आवाजाने मला वेड लागायची पाळी आली होती. तू गेल्यानंतर या घरात काय काय झालं ते तुला कुठे ठाऊक आहे म्हणा. तू हौसेने जमवलेलं माझं लग्न टिकलं नाही, त्याबद्दल आपण वेगळं भांडू. मी परत बदलापूर गावातल्या आपल्याच घरात आले. रोज उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका शेटच्या कारखान्यात जीन्सचं कटिंग करायला जाते, आणि संध्याकाळी येऊन बाबांवर ओरडते. असं आमचं दोघांचं बरं चाललं आहे.

त्या झडपेची एक अट असते. रक्त पातळ ठेवावं लागतं, नाहीतर झडपेवर रक्ताची गाठ धरते. म्हणून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, जन्मभर. पण फार पातळ झालं तरी पंचाईत, मग कुठूनही रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही. दर महिन्याला रक्त तपासून एक आकडा काढतात, तो ठरलेल्या दोन आकड्यांच्या मधेच राहायला हवा. मला हे समजून घ्यायला दोन फेऱ्या लागल्या. बाबांना बसल्या जागी कळलं. जन्म अंबरनाथच्या फॅक्टरीत लेथवर लोखंडाचे जॉब कातण्यात गेलेला माणूस. डॉक्टरांना म्हणाले, "म्हंजे जॉबचं माप. वर गेला तरी रिजेक्ट, खाली गेला तरी रिजेक्ट." कॅम्प चारमधल्या आमच्या डॉक्टर सिंधी आहेत, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील. त्या खूश झाल्या. "एकदम करेक्ट, काका." आणि मग त्यांनी विचारलं, "और दारू? घेता अजून?" बाबा तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "नाही डॉक्टर. बंद आहे. मी बंद केलीय." बाबा छताकडे बघत बसले. पुढच्या प्रत्येक फेरीला हेच झालं. प्रश्न त्यांना, उत्तर माझं.

तू कधी बंद केली नव्हतीस. मला तो रविवार आठवतो. मी कॉलेजात आहे, चार पुस्तकं वाचून घरातल्या सगळ्यांना सुधारायला निघालेली. तू चुलीपाशी बोंबील तळते आहेस. बाबा ओटीवर बसलेत. तू कढई उतरवतेस, हात पुसतेस, फडताळातून बाटली काढतेस आणि चहाच्या कपाने मोजून स्टीलच्या पेल्यात ओततेस. एक कप, मग थोडं थांबून अर्धा. वर पाणी. मग बोंबील ताटलीत ठेवून दोन्ही बाहेर नेऊन देतेस, आणि बाटली परत फडताळात. मला तुझी लाज वाटते. मी म्हणते, "तूच पाजतेस त्यांना." तू मागे वळूनसुद्धा बघत नाहीस. म्हणतेस, "मी नको बोलेन गो. मंग तो कुठं बसलाय ते बघाया तू जाशील?" मी पाय आपटत निघून जाते. तुझं ते बोलणं मला तेव्हा निव्वळ हार वाटलं होतं.

ऑपरेशननंतर मी फडताळ रिकामं केलं. बाटल्या मोरीत ओतल्या, बाबांच्या देखत. त्यांनी अडवलं नाही, मला वाटलं मी जिंकले. दर रविवारी सकाळी ते अंबरनाथला फॅक्टरीतल्या जुन्या दोस्ताकडे पत्ते खेळायला जायचे आणि दुपारी उशिरा येऊन झोपायचे. मी म्हणायची, बरं आहे, माणसांत राहतात. मग गटारी आली. गावात काय चालतं ते तुला सांगायला नको. बाबा म्हणाले दोस्ताच्या पोराने नवं घर घेतलंय, चार दिवस तिकडंच राहतो. मी गोळ्यांची पट्टी त्यांच्या पिशवीत घातली, दहा वेळा बजावलं. ते चार दिवसांनी आले. चेहरा उतरलेला होता, पण मी म्हटलं पावसाळी हवा आहे. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

श्रावण मी तुझ्यासारखाच करते, आई. तुझ्या हातची चव माझ्या हाताला नाही, पण भाज्या त्याच. डोंगरातल्या बायका गावात टोपल्या घेऊन येतात, मी सकाळी कामाला जायच्या आधी जाऊन घेते. टाकळा, कुर्डू, भारंगी, माठ. मासे-मटण महिनाभर बंद. यंदा तर मी हट्टाने दोन्ही वेळा पालेभाजी केली. म्हटलं हृदयाचा माणूस, हिरवं खाल्लेलं चांगलं. बाबा निमूट खायचे आणि म्हणायचे, "तुजे आयशीची आठवन येते." मला किती आनंद व्हायचा. आता तो आठवला तरी अंगावर काटा येतो.

श्रावणातल्याच एका दुपारी लाइट गेली होती. मी घरीच होते, कारखान्याला सुट्टी. बाबा दोन दिवस तीन उशा घेऊन टेकून झोपत होते, म्हणत होते गॅस झालाय. मोरीपर्यंत गेले तरी दम लागत होता. पंखा बंद, बाहेर पाऊस थांबलेला, शेजारचा टीव्हीसुद्धा गप्प. मी त्यांच्या उशाशी मेथी निवडत बसले होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. आवाज येत नव्हता.

मी मेथी टाकली आणि त्यांच्या छातीला कान लावला. आवाज होता, पण गोधडीखालून आल्यासारखा, दबलेला. "काय गो?" बाबा म्हणाले, आणि तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. "आत्ता घेऊन या. आत्ता. आवाज कमी आला तर एक मिनिट पण थांबायचं नाही, समझे?"

रिक्षात बाबा माझ्या खांद्यावर टेकले आहेत. अंबरनाथच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलाय, एका बाजूने टेम्पो आडवा. रिक्षावाला मान बाहेर काढून शिव्या देतोय, मग मागे वळून मला म्हणतो, "मावशी, टेन्शन मत लो, आतल्या रोडने काढतो." मी एक हात बाबांच्या छातीवर ठेवलाय. कापडाचा थर जाड झाला की माझी कटिंगची मशीन अडकते, आणि अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो, तो मला बोटांनी कळतो. तसा मी शर्टावरून तो आवाज शोधत होते. खड्ड्यांमुळे काही लागत नव्हतं. बाबांचे ओठ निळसर दिसत होते. मी मनात तुला हाका मारत होते, आणि तुला तेव्हाही ओरडत होते, की तू आधी का गेलीस, हे माझं काम नव्हतं, तुझं होतं.

हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं, ऑक्सिजन लावला, रक्त काढलं, छातीवर यंत्र फिरवून बघितलं. रक्ताचा आकडा इतका खाली आला होता, म्हणजे रक्त इतकं घट्ट झालं होतं, की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. झडपेवर गाठ धरायला लागली होती, तिची एक पाकळी नीट उघडत नव्हती. "गोळी बरोबर चालू आहे?" त्यांनी विचारलं. मी लगेच, "हो, रोज, मी स्वतः..." डॉक्टर म्हणाल्या, "दीदी, तुम्ही बाहेर थांबा." मी हलले नाही. "प्लीज. मला काकांशी बोलायचंय. तुमच्याशी नाही."

मी पडद्याच्या बाहेर उभी राहिले. पडदा तो पडदाच, सगळं ऐकू येत होतं.

"काका, सच सच बताओ. मी कुणाला सांगणार नाही. दारू घेता?"

 मग बाबा तुटक तुटक बोलले, "घेतो. पन सांभालून घेतो, डॉक्टर."

"सांभाळून म्हणजे?"

"ज्या दिशी घेतो त्या दिशी गोली खात नाय. दोन्ही एकत्र पोटात गेली की रगत पानी होतं ना. माजा दोस्त बोलला. रविवारचं एक दिस चुकवायचो. गटारीला चार दिस नाय खाल्ली." मग श्वास घेऊन, "मी येकदा पन दोन्ही एकत्र नाय केली, डॉक्टर. देवाशपत."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, आई. आपण काळजी घेतली हे कुणालातरी शेवटी सांगता येतंय, असा आवाज होता. मी पडद्याला धरून उभी होते आणि मला रडू फुटलं. इतके महिने हा माणूस आपल्या अकलेने जीव जपत होता, आणि नेमक्या त्या जपण्यानेच मरणाच्या दारात जाऊन बसला होता. प्यायल्यावर गोळीचं काय करू, हे डॉक्टरांना विचारायचं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडातून दर महिन्याला मीच काढून घेत होते.

मग डॉक्टर बाहेर आल्या आणि मला विचारलं, श्रावणात खायला काय देता. मी डोळे पुसत यादी सांगितली. त्यांनी कपाळावर हात ठेवला. "पालेभाजी त्या गोळीच्या उलट काम करते. थोडी खाल्ली तर चालते, पण रोज तेवढीच. एकदम दोन टाइम पाला पाला नाही करायचा." गटारीत गोळी सुटली, श्रावणात भाजी वाढली. एक चूक त्यांची, एक माझी, दोन्ही काळजीपोटी केलेल्या.

रक्ताची गाठ विरघळवणारं औषध सुरू केलं. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. एका सकाळी नर्सने मला हाक मारली, "या, ऐका." टिक टिक, स्वच्छ. मी नर्सलाही पुन्हा एकदा ऐकायला लावलं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि मला बोटानेच गप्प राहायला सांगितलं. मग बाबांना म्हणाल्या, न घेणंच सगळ्यात चांगलं, आणि सध्या तर काही महिने अजिबात नाही. नंतर कधी घ्यावीशी वाटली तर आधी मला विचारा. आकडा जागेवर असेल तर क्वचित कधी एक लहान पेग, जेवणाबरोबर. एका दिवसात भरपूर पिऊन घ्यायची नाही, त्याने आकडा वर उडतो, रक्त फार पातळ होतं, आणि झोक जाऊन डोक्यावर पडलात तर आतल्या आत रक्त साठतं. डोक्याला मार लागला, शी काळी झाली, नाकाचं रक्त थांबेना, तर दारू घेतलेली असो वा नसो, तडक इकडे. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही. "आणि काका, पिली तरी गोळी घ्यायची. नाही पिली तरी घ्यायची. गोळी कधीच नाही सोडायची." बाबांनी मान डोलावली. म्हणाले, "हे आधी कुनी बोललंच नाय." डॉक्टर चांगल्या आहेत, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर थंडी पडेपर्यंत घरात तो विषय निघाला नाही. मी अंबरनाथच्या रविवारांवर काही बोलले नाही. ते गेले की मी सारखी घड्याळ बघायची, पण तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते तूच समज. आकडा तीन महिने जागेवर राहिला. मग काल, रविवारी, बाबा कुठेच गेले नाहीत. मी मासे तळत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे, आणि म्हणाले, "आज मी येक घेनार हाय. डॉक्टरला फोन केलता. चालंल बोलली. गोली रातीला घेनार. बाटली पिशवीत हाय, तूच भर."

मला काय वाटलं ते कसं सांगू. ते मला सांगत होते. घरात, माझ्या तोंडावर, न चोरता. मी गॅस बारीक केला, बाटली घेतली आणि त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले.  मला तो रिक्षातला चेहरा दिसत होता. डॉक्टरांनी सांगितलेलं माप मला पाठ आहे. मी त्याच्या निम्म्याहून कमी ओतली आणि वर पाणीच पाणी घातलं. रंग फिकट दिसला म्हणून चमचाभर कोरा चहा घातला. तो पेला नेऊन दिला. बाबांनी विचारलं, "बरोबर भरलीस ना? डॉक्टर बोलली तेवढीच?" मी म्हटलं, "हो बाबा. तेवढीच."

ते माशाबरोबर हळूहळू प्यायले.  रात्री स्वतः उठून गोळी घेतली आणि मला तोंड उघडून दाखवलं, मी लहानपणी तुला दाखवायची तसं. मी हसले. मग अंथरुणात पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की एवढ्या महिन्यांनी त्यांनी मला खरं सांगितलं आणि मी तिथल्या तिथे त्यांना फसवलं. मी न सांगता त्यांना कळलं तर पुढच्या रविवारी ते पुन्हा अंबरनाथला जातील, आणि तिथे मोजून भरणारं कुणी नाही. सांगायला हवं. सकाळी चहा देताना सांगणार होते. चहा दिला, कामाला निघून आले, आणि आता जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे, कारण तुला सांगणं सोपं आहे. हा कागद घरी नेता येणार नाही. रिटायर झाल्यापासून बाबा घरातला चिटोरासुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत. इथेच चिंध्यांच्या पोत्यात टाकून जाईन. म्हणजे आजही मी त्यांना काही सांगणार नाही, आई. मला भीती वाटते.