विवेकच्या रुळातली गिट्टी

काजल बेटा,

मी देवळीच्या बाजारात जाऊन राह्यलो, सांजच्या बसनं येतो. उद्या शाळेवाले विवेकनं बनवलेली छोटी रेल्वे न्यायले येतात, अन् रुळात गिट्टीच नव्हती. रेल्वेच्या गँगमधी तीस वर्सं गिट्टी भरली म्या. माह्या पोराची लाईन उघडी कशी जाऊ देऊ?

दगडाची चुरी चहाच्या गाळणीनं चाळून रुळात पसरली. शाम्पूच्या पाण्यानं ओली केली, मंग पातळ फेविकॉल ड्रॉपरनं थेंब थेंब सोडला. वाळेपर्यंत हात लावजो नको. गाळणी नवी आणतो.

आता खरं सांगतो. रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवरची, स्लीपरवरची, चुरी झाडायले न्हाणीतल्या ग्लासातला दात घासायचा ब्रश घेतला. जुना वाटला मले. फेविकॉल लागल्यावर समजलं, तो विवेकचा होता. तो गेल्यापासून वर्सभर तू तो ब्रश तिथून हलवला नव्हता.

तुह्या तोंडावर सांगायची हिंमत नाई झाली. गरम पाण्यात भिजवला, पण केस कडकच राह्यले. होता तसाच तुह्या ब्रशाजवळ ठेवला. रागावजो मले, पण तो फेकजो नको. मलेबी सकाळी तो तिथंच दिसला पाह्यजे.

मामाजी