मामा आजारी आहेत का, याचं एका शब्दात उत्तर

तीर्थस्वरूप मामी,

लांबूनच शिरसाष्टांग नमस्कार. (सध्या आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया जवळून पडत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? शिवणाची कामं वेळेवर जाताहेत ना? आम्ही सगळे खुशाल आहोत. या 'सगळे'मध्ये मामा येतात की नाही, एवढंच तुम्ही विचारलंय. तुमचं कार्ड मिळालं. "माणूस आजारी आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही. पाल्हाळ नको." मामी, मागच्या खेपेला मी पाल्हाळ न लावता 'मामांना विलगीकरणात ठेवलं आहे' असं एका ओळीत कळवलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. ती ओळ वाचून तुम्ही दोन दिवस मशीनला हात लावला नाही, असं तुमच्या शेजारणीने आमच्या हिला फोनवर सांगितलं. (तुम्ही स्वतः तर आमचा फोन उचलतच नाही, मामांचा असेल म्हणून.) तेव्हा या वेळी सविस्तर लिहितो.

मामा आले ते 'दोन दिवसांसाठी', दोन शर्ट घेऊन. तुमचं मशीन त्यांनी दुरुस्तीला म्हणून उघडलं, जोडल्यावर तीन स्क्रू उरले, तुम्ही म्हणालात परत हात लावायचा नाही, ते म्हणाले मग मी बहिणीकडे जातो, आणि तुम्ही म्हणालात जा. हे मला दोन्ही बाजूंकडून कळलं आहे आणि दोन्ही बाजूंचा शब्द न् शब्द जुळतो, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय ते यायचे नाहीत आणि ते आल्याशिवाय तुम्ही बोलायच्या नाहीत, एवढं मात्र मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं. कारण दोघंही शब्दाची पक्की.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, म्हणजे चित्रकलेच्या मास्तरांना, कांजिण्या आल्या. मामा त्यांच्याशी दोन संध्याकाळी बुद्धिबळ खेळले होते. मी आरोग्य खात्यातला कारकून, आणि नुकताच साथीच्या रोगांवरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेलो. (प्रमाणपत्र हॉलमध्ये लावलंय. हिच्या मते थोडं वाकडं आहे.) तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी दोन शब्द आमच्याकडून घोकून घेतले होते. जो आजारी पडला आहे त्याला वेगळं ठेवायचं, ते विलगीकरण. जो आजाऱ्याच्या जवळ आला पण धडधाकट आहे, त्याच्यावर नजर ठेवायची, तो क्वारंटाइन. म्हणजे मास्तर विलगीकरणात आणि मामा क्वारंटाइनमध्ये. मी कामाला लागलो. घरात मोकळी खोली एकच, मागची. दोघांनाही तिच्यात नेऊन ठेवलं. दोघांना जगापासून वेगळं ठेवायचं होतं ते चोख झालं, त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं तेवढं राहून गेलं.

दारावर पाटी लावली, तीही मास्तरांनीच रंगवलेली. मग ऑफिसात जाऊन इतकी फुशारकी मारली की आमच्या आरोग्य अधिकारी बाई 'आदर्श व्यवस्था' बघायला स्वतः घरी आल्या. दार उघडलं तर दोघांची डोकी पटावर एकमेकांना टेकलेली आणि टॉवेल दोघांत एक. बाईंनी विचारलं, "यातला आजारी कोण?" मास्तरांच्या आधी मामांनी हात वर केला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रमाणपत्र उतरवून कपाटात टाकावंसं वाटलं. मामांना त्याच क्षणी पुढच्या खोलीत हलवलं. कांजिण्यांचे जंतू अंगात शिरल्यापासून पुरळ उठायला दहा ते एकवीस दिवस लागू शकतात, त्यामुळे तुमच्या चुकीपायी यांचे एकवीस दिवस आता आजपासून, असं बाई सांगत होत्या. शिक्षा मामांना होत होती आणि चेहरा मामांचाच खुलत होता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मामी, या मुक्कामात मामांनी आमचा गळका नळ दुरुस्त केला, पोरीला खिडकीतून ओरडून ओरडून सायकल शिकवली आणि हिला रोज इतकं हसवलं की भाजी दोनदा करपली. पण पुरळ काही येईना. तेराव्या दिवशी दंडावर एक लाल ठिपका दिसला. मामांनी स्वतःला 'संशयित रुग्ण' जाहीर केलं (हा शब्द त्यांना मीच शिकवला, आता कानाला खडा). बाईंनी भिंगातून पाहिलं आणि डास चावल्याचं सांगितलं. मामा दिवसभर हिरमुसले होते.

तोवर मी ऑफिसात दुसरा पराक्रम करून ठेवला होता. दर आठवड्याच्या तक्त्यात 'नवे रुग्ण' असा रकाना असतो. मास्तर अजून बरे व्हायचे होते म्हणून मी त्यांना तीन आठवडे तिन्ही वेळा नवे म्हणून लिहिलं. कागदावर आमच्या गल्लीत तीन रुग्ण झाले. वरच्या ऑफिसला साथीचा वास आला आणि भोंगा लावलेली गाडी गल्लीत शिरली. बाईंनी मला समोर उभं केलं. "तुमच्याकडे या महिन्यात पाहुणे किती आले?" म्हटलं, एक. "आणि आज घरात किती आहेत?" एक. "काल? परवा?" एकच. "मग महिन्यात तीस पाहुणे आले असं लिहाल का?" नव्याने किती आले आणि आत्ता एकूण किती आहेत, हे दोन वेगळे आकडे आहेत हे माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख शिरलं. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, मला तर तीसच वाटतात. (तिला मामा मनापासून आवडतात. पण आंघोळीला ते पाऊण तास घेतात.)

परवा आई आली. धाकटीच्या बाळंतपणाला गेली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं आणि ती हसत हसत खुर्चीतच बसली. "अरे, याला नवव्या वर्षीच येऊन गेल्या की कांजिण्या! मलाही यानेच दिल्या. तो भुवईवरचा वण कशाचा वाटला तुला?" मामी, एकदा येऊन गेलेल्या माणसाला सहसा पुन्हा येत नाहीत. म्हणजे क्वारंटाइनची गरजच नव्हती. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि मामा म्हणाले होते, आठवत नाही.

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. त्यांनी भुवईवरचा वण बोटाने चोळला. मग म्हणाले, "घरी या म्हणायला कुणी तयार नव्हतं. इथे निदान सरकार तरी मला जाऊ नका म्हणत होतं." मी आधी हसलो. रोग नसला म्हणजे माणूस बरा असतोच असं नाही, हेही त्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा मी ते फक्त वहीत उतरवून घेतलं होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. मामा आजारी नाहीत, नव्हते आणि एवढ्यात होणारही नाहीत.

तुमचा आज्ञाधारक,
खात्यातला भाचा

ता. क. मास्तर ठणठणीत आहेत. मामांकडून एकोणीस डाव हरले, आणि आता निरोप द्यायला तयार नाहीत.

ता. क. २. खरं म्हणजे हे पत्र एका विनंतीसाठी आहे. मामांना 'या' असं एका ओळीचं कार्ड टाका. चूक कुणाची ते लिहू नका, फक्त 'या'.

ता. क. ३. वरची विनंती रद्द. तुमचं कार्ड यायला चार दिवस लागतील, तेवढा धीर इथे कुणालाच नाही, मामांना तर मुळीच नाही. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं नसेल. हे पत्र महत्त्वाचं आहे, टपालाचा भरवसा नाही, नुसतं दाराखालून सरकवा आणि उत्तर मिळेपर्यंत पायरीवर थांबा, असं मी मामांना सांगितलं. नुसतं पत्र टाकायला निघालेल्या माणसाने दाढी दोनदा का केली आणि शर्टाला इस्त्री का मारली, हे मी विचारलं नाही. पत्र माझ्याकडून फार लांबलं, मामी. उत्तर लिहीत बसू नका, दार उघडा.